वय वाढलं की जुनाच डोस जड का जातो, आणि आपण काय बघायचं

"इतकी वर्षं हीच गोळी घेतोय, मला काय होतंय" हे ज्येष्ठांचं ठरलेलं वाक्य. पण मधल्या काळात लिव्हर थोडं लहान झालेलं असतं, त्यातून फिरणारं रक्त कमी झालेलं असतं, त्यामुळे प्रोप्रानोलॉलसारखं (बीपी-हृदयाचं) औषध, जे एरवी लिव्हरमध्येच बरंचसं संपायचं, ते आता जास्त रक्तात उतरतं. शिवाय अंगातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं, मग चरबीत विरघळणारी औषधं मुक्कामच ठोकतात. डायझेपाम (चिंतेसाठी, झोपेसाठी देतात ती गोळी) बघा, विशीत ते रक्तात निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात, ऐंशीत ८०-९०. म्हणजे रोज रात्री गोळी घेतली तर आधीची शिल्लक असतानाच नवीन पडते, असं दोन-अडीच आठवडे साठत जातं आणि मग एक दिवस बाथरूममध्ये तोल जातो. तेव्हा गोळीचं नाव कुणी घेत नाही, वयाचं घेतात.

आता किडनी, इथे बहुतेक लोक फसतात. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो एक कचरा) नॉर्मल आलं म्हणजे किडनी ठणठणीत असं धरून चालू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हातारपणी स्नायूच कमी झाल्यावर ते वाढणार कुठून! किडनी मिनिटाला साधारण किती मिली रक्त साफ करते, याचा हिशोब घरी करता येतो: १४० मधून वय वजा करा, वजनाने (किलोत) गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन (mg/dL मध्ये) याने भागा, बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. ८० वर्षांच्या, ५० किलोच्या आजींचं क्रिएटिनिन १.० असेल तर उत्तर येतं जेमतेम ३५, तरुणपणी हेच शंभरच्या आसपास असतं. डिगॉक्सिन (हृदयाचं), लिथियम (मानसिक आजाराचं) अशा किडनीवाटे जाणाऱ्या औषधांचा डोस ठरवताना हे फार महत्त्वाचं, त्यामुळे आकडा लिहून डॉक्टरांसमोर ठेवा आणि सरळ विचारा, यातल्या कुठल्या गोळीचा डोस कमी करायला हवा का.

जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या, काढेबिढे सुद्धा. सर्दीची साधी वाटणारी क्लोरफेनिरामिन म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखं करू शकते, लघवी अडवू शकते. पेनकिलर किडनीला आणि पोटाला त्रास देतात, त्या स्वतःच्या मनाने सुरू करूच नका.

नवीन तक्रार आली, चक्कर, विसरणं, पाय सुजणं, की आधी गेल्या काही आठवड्यांत कुठली गोळी नवीन आली किंवा वाढली ते बघा. अॅम्लोडिपिनने (बीपीची गोळी) पाय सुजतात, मग सुजेसाठी लघवीची गोळी येते, तिने सोडियम उतरतं, मग त्याच्यावर अजून काहीतरी, अशी रांगच लागते (हे फार कॉमन आहे).

आणि हे वाचून घाबरून एकदम काही बंद करू नका बरं का. डायझेपाम किंवा प्रोप्रानोलॉल अचानक सोडलं तर उलट जास्त त्रास होतो, ते डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायचं.