कॅसेटवरचं जुनं चित्रण टीव्हीवर दातेरी दिसत असेल तर

इंदूरच्या रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), जुन्या मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवलेली, परवा लॅपटॉपवरून टीव्हीला लावली. कुणी गुलाल उधळायला हात उचलला की बोटांच्या कडांना कंगव्यासारखे दाते! आजीला माणसंच ओळखू येईनात. उपाय दोन मिनिटांचा आहे.

१. एचडीएमआय जोडल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये टीव्ही निवडून रिफ्रेश रेट (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) ५० हर्ट्झ करा. आपल्याकडचं पाल (PAL) या टीव्ही पद्धतीचं चित्रण सेकंदाला ५० फील्डचं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांचं असतं. ६० वर ते अडखळत चालतं.
२. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून दाते घालवणं) ‘ऑन’ आणि मोड ‘यादिफ २एक्स’ ठेवा. नुसतं ‘यादिफ’ नको, हालचालीतला गुळगुळीतपणा जातो.

दाते न काढता फाइल लहान मात्र करू नका. ते चित्रातच मुरले की नीट निघत नाहीत.