समईचं पेन्सिल चित्र बघताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी देवघरातली पितळी समई पेन्सिलनं काढून ग्रुपवर टाकली की खाली एकच कमेंट, "लई भारी, अगदी फोटोच की ओ!" कौतुक मनापासूनच असतं, पण फोटो म्हटलं की बघणं तिथंच संपलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नक्षी मोजत बसणं. नक्षी किती बारीक हे नंतर, आधी ती गोलाईवर बसलीय का बघा. समईची बैठक गोल असते, त्यामुळं तिच्यावरची कमळाची पाकळी समोर रुंद, बाजूला वळली की अरुंद, आणि पार कडेला गेली की नुसती रेघ उरते. सगळ्या पाकळ्या एकाच मापाच्या असल्या तर बाकी काम कितीही बारीक असू दे, समई चपटीच दिसणार. तेलाच्या वाटीचंही तेच, ती नजरेच्या पातळीला असेल तर तिची कड जवळजवळ सरळ दिसते आणि खालची बैठक जास्त उघडी, लंबगोल दिसते, दोन्ही सारख्याच असतील तर गडबड आहे.

"पितळ वाटेना" असं झालं तर डोळे बारीक करून बघा. पितांबरीनं घासलेल्या समईवर काळ्याला अगदी खेटून पांढरं असतं, मधला करडा फार थोडा. बोटानं चोळून सगळं मऊ केलं की पितळेची माती झालीच म्हणून समजा. तो पांढरा बऱ्याचदा मोकळा सोडलेला कागदच असतो, आणि तो शेवटपर्यंत स्वच्छ राखणं हेच खरं अवघड काम.

काळी जागा करडी, चकचकीत दिसतीय? त्यात चित्रकाराचा दोष नाही, ग्राफाईटच, म्हणजे पेन्सिलीतलं शिसंच चमकतं, ६बी ही मऊ, गडद पेन्सिल दाबून मारलेली जागा तर जास्तच. ट्यूबलाईटखाली समोरून फोटो काढू नका, खिडकीचा तिरका उजेड घ्या, काच असेल तर थोडं बाजूला सरका. आणि कोळशासारखा काळाकुट्ट रंग पेन्सिलीकडून मागूच नका.

चित्राला बोट तर अजिबात लावायचं नाही, फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा फवारा, मारलेला असला तरी.

"किती तास लागले?" हे सगळेच विचारतात. त्यापेक्षा उजेड कुठनं घेतला, कागद कुठला, एच म्हणजे कडक, फिकी पेन्सिल कुठं वापरली नि बी म्हणजे मऊ, गडद कुठं, हे विचारा की, काढणारा खुशीनं सांगत बसतो.