स्वस्त लॅपटॉप आणि आतल्या खोलीतले वाय-फाय

कमी किमतीचा लॅपटॉप घेताना मी प्रोसेसरच्या नावापेक्षा ८ जीबी रॅम आणि एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) यांना प्राधान्य दिले आणि कामाचा वेग समाधानकारक मिळाला. मात्र आतल्या खोलीत वाय-फाय वारंवार तुटत असे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून जाताना अधिक क्षीण होतात, म्हणून तिथे २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क जोडले. तरीही वेग पडत होता, कारण आसपासचे बहुतेक राउटर एकाच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एकाच छोट्या पट्ट्यावर, होते. राउटरच्या सेटिंगमधील ‘ऑटो’ (राउटरनेच चॅनेल निवडण्याचा) हा पर्याय काढून, १, ६ आणि ११ या एकमेकांत न मिसळणाऱ्या चॅनेलांपैकी सर्वांत मोकळे असलेले ११ निवडले, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली आणि राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंचावर ठेवला. त्यानंतर व्हिडिओ कॉल अडखळले नाहीत.