तराफे काढताय? तुकडासुद्धा पाण्यात टाकू नका

पाऊस तोंडावर आला की कॅपाफायकस या लागवडीच्या समुद्री शेवाळाच्या तराफ्यांची आवराआवर सुरू होते. दर हंगामात तीच हयगय दिसते. चांगला माल होडीत जातो, आणि पांढरे पडलेले शेंडे, दोराच्या गाठीत अडकलेली टोकं तिथंच झटकली जातात. समुद्रातलं समुद्रात गेलं, असं म्हणून. पण हे लाल शेवाळ आपल्या समुद्रातलं नाहीच, ते मूळ फिलिपिन्सकडचं. त्याला बी लागत नाही, तुटलेला तुकडाच रोप होतो. गाठीत राहिलेलं बोटाच्या पेरभर टोकसुद्धा पुरतं.

तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात काय झालं ते बघा. लागवड जवळच्या किनाऱ्यावर होती, आणि कुरुसडई बेटाजवळ हे शेवाळ जिवंत प्रवाळावर चढल्याची नोंद 2008 मध्ये झाली. गोधडीसारखं पसरतं, खाली ऊन पोचत नाही, प्रवाळ मरतो. मग मासळीही तिथं थांबत नाही. हवाई बेटांवरच्या कानेओहे खाडीत 1970 च्या दशकात आणलेलं शेवाळ पुढे पंप लावून ओढून काढावं लागलं, वर ते खाणारे काटेरी समुद्री अर्चिन सोडावे लागले. आपल्याकडे पंप कोण आणणार?

नेहमीची कामं:
- 3 × 3 मीटर तराफ्याला 60 किलो बियाणं (म्हणजे लावायचे तुकडे), एका जागी साधारण 150 ग्रॅम
- काढणी 45 दिवसांनी
- तराफ्याखाली जाळं, फाटलं असेल तर आजच शिवा
- नांगर, दोर, बांबू तपासा

आता मुख्य काम. उधाणाच्या आधी सगळे तराफे बाहेर, 'अजून आठवडाभर वाढू दे' हा मोह नको. पावसाच्या गोड्या पाण्याने क्षारता उतरली की फांद्या पांढऱ्या पडतात आणि हात लागताच कटकन मोडतात. माझा अंदाज असा, वारा फिरून लाट लांबट झाली की दोन दिवसांत तुटणं वाढतं. मोजलेलं नाही, पण त्यावर मी काढणी उरकायला सांगतो. दोर पाण्यात झटकू नका, किनाऱ्यावर आणून गाठ न् गाठ सोडवा. उरलेला चुरा भरतीच्या रेषेच्या बराच वर पसरून कुरकुरीत वाळवा. ओला ढीग किनाऱ्यावर ठेवलात तर पहिल्याच उधाणात तो परत पाण्यात.

पांढरेपणावर 'टॉनिक'च्या बाटल्या विकणारे फिरतायत. वाहत्या पाण्यात औषध टिकणार कुठं? पैसे वाचवा आणि आजारी दोर वेळीच बाहेर काढा. कुठलं बियाणं आणलं हे विक्रेता सांगत नसेल तर तेही घेऊ नका.

खडकावर किंवा प्रवाळावर हे शेवाळ चिकटलेलं दिसलं तर ओरबाडू नका, तुकडे आणखी पसरतात. ओहोटीला बुडासकट सोडवून जाळीच्या पिशवीत घ्या, जागेचा फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. महिन्याने तीच जागा पुन्हा पाहा, बूड राहिलं असेल तर फुटलेलं दिसेल.