बंदुकीची तिजोरी घेताय? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात एक काका दुकानात आले. खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी, पिशवीत परवान्याचं पुस्तक. "भाऊ, बंदुकीसाठी तिजोरी पायजे. पण हलकी पाहजो, एकट्या पोराले उचलता आली पायजे."

"काका, तुमच्या पोराले उचलता आली तं चोराले काहून नाही येणार?"

काका हसले, आणि तरीही पातळ पत्र्याच्या कपाटावरच हात फिरवत राहिले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, कपाटं, धान्याच्या कोठ्या, आणि वर्षाकाठी पाच-सात बंदुकीच्या पेट्या. घरी आजोबांपासून चालत आलेली बाराबोरची दुनळी आहे, आता ती माझ्या नावावर आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पीक ठेवत नाहीत म्हणून लोक परवाना काढतात. त्यासाठी ठाणं, तहसील, कलेक्टर ऑफिस अशा चकरा मारून चपला झिजवतात. आणि ती बंदूक ठेवायची कशात, हे ठरवायला अर्धा तास देतात, तोही बसची वेळ झालेली असताना. त्यामुळे त्याच त्या चुका मी बघत आलोय.

"घरी कपाट आहे न!"

आहे. लग्नात आलेलं, आरशाचं, आत छोटं लॉकर असलेलं. साड्यांसाठी उत्तम. त्याचा पत्रा २२ गेजचा, म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा पुरता नाही. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे निम्म्या गिऱ्हाइकांना उलटंच वाटतं. "आमचं कपाट २२ गेजचं हाय, मजबूत हाय" असं छाती फुगवून सांगतात. एकदा अशाच कपाटाची किल्ली हरवली म्हणून एकांनी मला घरी बोलावलं. वहिनींनी चहा ठेवला होता. तो उकळायच्या आत मी सब्बल घालून दार उघडलं होतं. कपाटाच्या मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, कारण आत बंदूक होती.

माझ्या पेटीला मी ३ मिलिमीटरच्या खाली जात नाही. बिजागऱ्या बाहेर असतील तर त्या बाजूलाही आतून पिना हव्यात, नाहीतर बिजागरी कापली की दार अख्खं हातात येतं. दार आणि चौकटीच्या फटीत नख जाईल इतपतच जागा हवी, सब्बलचं टोक शिरता कामा नये. ग्रायंडरपुढे कुठलीच पेटी कायम टिकत नाही, पण ग्रायंडरचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो. सब्बलचा जात नाही.

जड आहे म्हणून नुसती ठेवली

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा हिशेबच मांडतो. पाच फूट उंच, सव्वा फूट रुंद, एक फूट खोल पेटी घ्या. सहाही बाजूंचा पत्रा मिळून साधारण सव्वादोन चौरस मीटर भरतो. लोखंडाचा एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा पावणेआठ किलोच्या आसपास असतो. म्हणजे एक मिलिमीटरची पेटी १८ किलो, आणि ज्याला लोक भक्कम म्हणतात ती ३ मिलिमीटरची पेटी ५५ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची असते. आपल्याकडे एक गडी ती पाठीवर घेऊन धुऱ्याधुऱ्याने शेतात जातो. मग दोन गडी तुमची पेटी उचलून गाडीत टाकतील, त्यात नवल काय? घरी नेऊन निवांत फोडतील.

म्हणून पेटी कुठली हा प्रश्न नंतरचा. आधी मला तुमची भिंत दाखवा. मातीची, सारवलेली भिंत असेल तर तिच्यात कुठलाही बोल्ट धरत नाही. ड्रिल लावलं की नुसता भुगा पडतो. विटेच्या भिंतीतही साधा फास्टनर भरवशाचा नाही. धरतं ते काँक्रीट. मातीच्या घरात मी सरळ कोपऱ्यात खड्डा करायला लावतो, खाली मुरूम ठोकून बसवतो, वर दोन बाय दोन फुटांचा, दीड फूट जाड काँक्रीटचा ठोकळा, आणि त्यातच १२ मिलिमीटरचे चार फाउंडेशन बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच उभे करतो. तो ठोकळा चार क्विंटलच्या घरात जातो. आता उचला म्हणावं. पेटीच्या तळातून बोल्ट आत येतात आणि नट आतून आवळले जातात, बाहेरून काही दिसतच नाही. बोल्टची भोकं आधी पेटीवरून पत्र्यावर आखून घ्या, नाहीतर पेटी आणि ठोकळा एकमेकांची ओळख देत नाहीत.

इथे घाई आडवी येते. तिसऱ्या दिवशी फोन, "भाऊ, वाळलं, आवळून टाकू का?" अरे, वरून वाळलं म्हणजे झालं का? निदान आठवडाभर पाणी मारा, मग बोला. एकाने माझं न ऐकता चौथ्या दिवशी पान्याला पाइप लावून आवळलं, चारातले दोन बोल्ट गाजरासारखे उपटून आले. ठोकळा फोडून परत केला, आणि पैसे कमी घ्या म्हणून वर घासाघीस.

आपल्या काळ्या मातीचा आणखी एक घोळ आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. फरशी एका बाजूला उचलते, भिंत वेगळीच सरकते. पेटी फरशीला आणि भिंतीला दोन्हीकडे बांधली तर चौकट पिळते आणि मे महिन्यात दार अडकतं. मग लोक म्हणतात कुलूप खराब दिलं. फक्त खालच्या ठोकळ्यावर बांधा, भिंतीपासून बोटभर अंतर सोडा, आणि बसवताना ओळंबा लावा. डोळ्याने सरळ दिसतं त्यावर जाऊ नका.

किल्ली देवघरात

ही गोष्ट माझ्याच घरची आहे, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही.

किल्ली बालाजीच्या फोटोमागे ठेवायची, ही आमच्या बाबांची पद्धत. तीच मी चालवली. सोयाबीन काढणीचे दिवस होते, सगळे शेतात. थ्रेशरचा पट्टा तुटला म्हणून जुना पट्टा न्यायला मी घरी आलो. मधल्या खोलीत पाय टाकला तर पेटीचं दार सताड उघडं, बाजेवर गादीचा ढीग केलेला, आणि त्यावर बसून सात वर्षांचा पुतण्या दस्ता खांद्याला लावून. नळी खिडकीच्या गजांवर टेकवलेली. मला बघून म्हणाला, "मोठे बाबा, वानरं हाकलून राह्यलो."

वानरं समोरच्या चिंचेवर होती. खिडकीच्या आणि चिंचेच्या मधे, अंगणात, माझी आई मूग निवडत बसली होती.

बंदूक रिकामी होती. तिथे माझं शहाणपण नाही, त्या पेटीत काडतुसांसाठी कप्पाच नव्हता, म्हणून काडतुसं दुसऱ्या खोलीत ट्रंकेत कुलपात होती. किल्ली कुठे ते त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी मी फोटोमागे हात घालायचो आणि हा माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला असायचा. लाडवाचा डबा माळ्यावर कुठे आहे ते ज्याला कळतं, त्याला किल्ली कळत नाही असं धरून आपण चालतो.

तेव्हापासून किल्ली माझ्या करदोड्याला आहे. आंघोळीलासुद्धा. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये. बायको हसते, मित्र हसतात, हसू देत. आणि यात नुसती लेकरांचीच गोष्ट नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. किल्ली भावाकडे, सालगड्याकडे, मेव्हण्याकडे फिरत असेल तर बंदूकही त्यांच्या ताब्यात आहे असाच अर्थ निघतो, आणि ठाण्यात तो तुम्हाला निस्तरावा लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बंदूक नीट ठेवीन असं हमीपत्र तुम्ही परवान्याच्या वेळी देता. सही करताना वाचलं होतं का?

अंगठ्याचं कुलूप

ऑनलाइन बघून येतात. बोट लावलं की उघडतं म्हणे. कापूस वेचणाऱ्या, पऱ्हाटी उपटणाऱ्या हाताचा अंगठा रेशनच्या दुकानात मशीनवर उठत नाही, चार-चार वेळा पुसून लावावा लागतो, आणि रात्री दोन वाजता शेतातून डुकरं वाजली की तो तिजोरीवर उठणार? आकड्यांच्या कुलपाला सेलची भानगड. स्वस्तातले सेल आतच गळतात आणि हिरवी बुरशी धरते. आकडा बदलायचा असतो हेही बरेच विसरतात, कंपनीचा आकडा तसाच. मी सहा किंवा आठ लिव्हरचं किल्लीचं कुलूप लावतो. जुनाट म्हणा हवं तर.

कापसामागे पेटी

२०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. त्यानंतर भाव वाढेल या आशेने पुढच्या हंगामांत लोकांनी घरं कापसाने भरून ठेवली. आमच्या ओळखीतल्या एकाने पेटी बसवली ती नेमकी कापसाच्या खोलीत. खोली छतापर्यंत भरली, पेटी मागे गडप. तेवढ्यात २०२४ ची लोकसभा लागली. यवतमाळ-वाशिमचं मतदान २६ एप्रिलला होतं, त्याआधी शस्त्र जमा करा म्हणून ठाण्यातून निरोप. गडी लावून वीस क्विंटल कापूस ओसरीत आणला तेव्हा दार दिसलं. बंदूक चामड्याच्या कव्हरमध्ये होती आणि पावसाळ्यापासून उघडलेली नव्हती. नळीवर बोटाला लागेल असा तांबूस गंज. ठाण्यात जमा करताना हवालदार म्हणाला, "ही बंदूक हाय का नांगराचा फाळ?"

कापसाच्या खोलीत पेटी नको. ओल राहते आणि ठिणगी पडली तर सांगायलाच नको. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या कव्हरमध्ये बंदूक पेटीत ठेवू नका, कव्हर ओल धरतं. आतून फोम चिकटवून मागतात, दिसायला छान दिसतो, तोही ओल धरतो. मी दस्ता आणि नळी टेकते तिथेच लाकडाची पट्टी लावतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा.

बाकीचं थोडक्यात.

माप न घेता येऊ नका. बाराबोर अख्खी जवळपास चार फूट भरते, पण ती तीन भागांत सुटते आणि नळी ३०-३२ इंचांची राहते. सुटी करून ठेवणार असाल तर तीन फुटांची पेटी पुरते, आणि वाचलेल्या पैशात पत्रा जाड येतो. रायफल मात्र तशी सुटत नाही, तिचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता भाग) काढून वेगळा ठेवा.

आठ बंदुकांची पेटी कशाला? २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या.

काडतुसं त्याच पेटीत ठेवायचीच असतील तर वेगळ्या कुलपाच्या कप्प्यात. त्याची किल्ली वेगळी.

जुनी भरमार (तोंडातून बारूद भरायची बंदूक) असेल तर पेटीत ठेवण्याआधी गज घालून बघा. गज पार आत गेला की नळीच्या तोंडाशी त्यावर अंगठ्याने खूण धरा, बाहेर काढून नळीला लावून पाहा. कानापर्यंत (बार पेटवायच्या मागच्या भोकापर्यंत) पोचला नाही तर बार भरलेला आहे. आणि काळी बारूद बंद लोखंडी पेटीत ठेवणं म्हणजे घरात बॉम्ब करून ठेवणं.

पेटी टेम्पोतून आणताना वर ताडपत्री टाका. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर चर्चा व्हायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

दसऱ्याला पूजा जरूर करा, पण ओलं हळदकुंकू नळीवर लावून दिवसभर पाटावर ठेवू नका. आम्ही आता दस्त्याला फूल वाहतो आणि सोनं लुटायला बाहेर पडायच्या आत बंदूक पेटीत. पुसायचा खरा दिवस माझा वेगळा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळून झाले की हात धुतो, घरातली लेकरं बैलांच्या शिंगांना रंग लावण्यात गुंतलेली असतात, मधल्या खोलीचं दार आतून लावतो, करदोड्याची किल्ली काढतो आणि नळी उजेडाकडे धरून आतून बघतो.