हायस्कूलच्या पोरांना फोटोग्राफी शिकवायची तर

मी साताऱ्याकडच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीच्या मुलांचा फोटोग्राफीचा वर्ग घेते. दुसऱ्या शाळांतले कलाशिक्षक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, कॅमेरा कुठला घ्यावा?" कुठलाच घेऊ नका. तीस मुलांत पाच-सहा फोन आणि जिच्या खिडक्या नीट बंद होतात अशी एक खोली, एवढ्यावर वर्ष निघतं. पैसे असतील तर प्रिंटसाठी राखून ठेवा. आणि शिकवायचं काय, तर मुलाने बटण दाबण्याआधी स्वतःलाच विचारावं की उजेड कुठून येतोय. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी परवानग्या

शाळेत फोनला बंदी असते, तेव्हा वार आणि वेळ घालून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. पालकांच्या चिठ्ठीत दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मुलाने फोन आणलेला चालेल का, आणि मुलाचा फोटो काढलेला चालेल का. दुसऱ्याला नाही म्हणणारे पालक असतात, जास्त करून मुलींचे. वाद घालू नका. त्या मुलीला कॅमेऱ्यामागे भरपूर काम आहे. वर्गात आल्या आल्या प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करायला लावा, नाहीतर फोटोबरोबर जागेचा पत्ताही जातो. ज्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय स्टेटसला लावायचा नाही, हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा.

आणि भिंग पुसा. फोन बापाच्या खिशात, आईच्या ओट्यावर, धाकट्याच्या हातात फिरून आलेला असतो, त्यावर तेलाचा थर बसतो. ट्यूबलाइटकडे रोखून एक फोटो न पुसता आणि एक मऊ सुती फडक्याने पुसून काढायला सांगा. पहिल्यात दिव्याभोवती धुकं दिसतं. "आमचा फोन जुना आहे" ही तक्रार निम्मी तिथंच मिटते.

अंधारी खोली

पहिल्या तासाला फोन दप्तरातच राहू द्या. पटांगणाच्या बाजूची एक खोली घ्या आणि खिडक्या-झडपा काळ्या कागदाने, पुठ्ठ्याने, जे मिळेल त्याने बंद करा. दाराखालची फट विसरू नका, तिथं सतरंजीची गुंडाळी लावा. पटांगणाकडच्या एका खिडकीच्या पुठ्ठ्याला साधारण एक सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. बाहेर लख्ख ऊन हवं. अकरा ते दोनची वेळ उत्तम, ढगाळ दिवशी हा तास घेऊच नका.

आत गेल्यावर पाच-दहा मिनिटं काहीच दिसत नाही. पोरं ढोसाढोशी करतात, कुणीतरी भुताचा आवाज काढतं. मग डोळे सरावतात आणि समोरच्या भिंतीवर खालच्या बाजूला निळसर पट्टा उमटतो. ते आभाळ. वर पटांगणाची तांबडी माती आणि मधोमध ध्वजस्तंभ, टोक खाली करून. शिपाईमामांना आधीच सांगून ठेवा, दोन फेऱ्या मारा म्हणून. ते निघाले की आतून आरडाओरडा: "बाई, मामा छतावरनं चाललेत की!"

इथं घाईने समजावू नका. मामा उजवीकडे निघाले तर भिंतीवर कुठं जातात ते मुलांना बघू द्या. वर-खालीच नाही, डावं-उजवंही बदललेलं असतं. प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्यांनी विज्ञानात पाठ केलेलं आहे, डोक्यावरून आलेला किरण भोकातून खाली आणि पायाकडून आलेला वर कसा जातो, ते एखादी मुलगी खडूने फळ्यावर काढून दाखवते. विज्ञानाच्या सरांना बोलवा, त्यांनाही आवडतं.

आता भोक पाच रुपयांच्या नाण्याएवढं करा. चित्र उजळतं, पण पुसट होतं. दोन्ही एकदम का मिळत नाही, हा प्रश्न मुलांकडूनच येतो, आणि तो आला की खिशातून चाळिशीचा चष्मा काढा. दोन नंबरचा असेल तर त्याची एक काच भोकासमोर धरा आणि पांढरा कार्ड पेपर काचेपासून अर्ध्या मीटरवर न्या. उजळ आणि रेखीव, दोन्ही. नारळाच्या झावळ्या वेगवेगळ्या दिसतात. कागद पुढं-मागं केला की चित्र जातं आणि येतं. यालाच फोकस म्हणतात, हे त्या क्षणी सांगायचं, आधी नाही. एक नंबरचा चष्मा असेल तर कागद एक मीटरवर न्यावा लागेल. नंबर म्हणजे काय, हेही जाता जाता कळून जातं.

नववीची मुलं असतील तर इथंच अ‍ॅपर्चरचं (उजेड आत घेणाऱ्या भोकाच्या मापाचं) गणित उरका. काचेचं नाभीय अंतर, म्हणजे चित्र रेखीव येतं तेव्हाचं काच ते कागद अंतर, ५० सेंटिमीटर, भोक अडीच सेंटिमीटर. ५० भागिले २.५ म्हणजे २०, म्हणून हे भोक एफ/२०. भोकाची रुंदी निम्मी केली तर एफ/४०. आकडा मोठा, भोक लहान, हे कोडं नुसतं पाठ करून सुटत नाही, भागाकार केला की आपोआप सुटतं.

खिडकी, चार्ट पेपर, फळा

दुसऱ्या वेळी फोन काढा, पण बाहेर जाऊ नका. थेट ऊन येत नाही अशा खिडकीशेजारी एकाला स्टुलावर बसवा. तो आधी खिडकीकडे तोंड करेल, मग थोडा वळेल, मग पूर्ण आडवा, मग खिडकीला पाठ. बाकीच्यांनी जागा न सोडता प्रत्येक वेळी एक फोटो घ्यायचा. नंतर फोटो शेजारी शेजारी ठेवून विचारा, नाकाची सावली कुठं पडली. खिडकीला पाठ असलेल्या फोटोत चेहरा काळा पडतो. तेव्हा स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवायला सांगा, चेहरा उजळतो आणि खिडकी पांढरीफटक होते. बोट दाबून धरलं तर बऱ्याच फोनमध्ये उजेड आणि फोकस दोन्ही तिथंच अडकून राहतात. या कुलपाचा पुढं फार उपयोग आहे.

मग चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा चार्ट पेपर धरा. खिचडीची स्टीलची ताटली पण धरून बघा. ताटली उजेडाचा कडक कवडसा टाकते, डोळे मिटायला होतात. कागद अलगद उजळवतो. पोर्ट्रेटसाठी एवढी सामग्री पुरे. मी शाळेतल्या वर्गासाठी फ्लॅश आणि उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या विकत घेणाऱ्यांपैकी नाही.

यानंतरचा प्रयोग माझा सगळ्यात लाडका. पांढरा चार्ट पेपर पूर्ण चौकटभर येईल असा फोटो काढायचा, मग काळा फळा तसाच. फ्लॅश बंद. बहुतेक फोनांत कागद मळकट राखाडी येतो आणि फळाही राखाडी. दोन्ही फोटो एकमेकांशेजारी धरले की वर्गात गोंधळ उडतो, कारण कुणाचाच फोन बिघडलेला नसतो. कॅमेऱ्याला कागद आणि फळा यांतला फरक ठाऊक नाही. समोर जे आहे ते मध्यम उजेडाचं असणार असं धरून तो चालतो, आणि पांढरं दिसलं की उजेड कमी करतो, काळं दिसलं की वाढवतो. म्हणून पांढऱ्यासाठी आपण तो अधिककडे सरकवायचा, काळ्यासाठी वजाकडे. स्क्रीनवर बोट ठेवल्यावर सूर्याचं चिन्ह येतं, तेच वर-खाली करायचं. गृहपाठ: घरात पांढरी टोपी आणि धोतर घालणारे आजोबा असतील तर त्यांचा सावलीतला फोटो, टोपी पांढरी दिसली पाहिजे आणि तिची शिवणही. दुपारच्या उन्हात काढला तर टोपीखाली डोळे दिसणारच नाहीत, हे पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगतात.

पंख्याखालचा तास

शटर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, शिकवायला छताचा पंखा पुरतो. ज्या फोनमध्ये प्रो मोड (शटर वगैरे आपल्या हाताने ठरवायची सोय) आहे तो एकाकडे द्या, बाकीचे बघतील. शटर १/१५ सेकंदाला पाती विरघळून चकती होते, १/१००० ला जवळजवळ थांबतात, पण फोटो काळाकुट्ट. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनक्षमता, वाढवा: पाती दिसतात, आणि भिंतीवर वाळू सांडल्यासारखे दाणे. काहीतरी मिळवायला काहीतरी द्यावं लागतं हे पंख्याने दाखवलं की वेगळं व्याख्यान लागत नाही. ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात करा. दिवे चालू असले की वेगवान शटरला फोटोवर आडवे पट्टे येतात. बाहेर भर उन्हात १/१५ लावायला जाऊ नका. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलत नाही, सगळं पांढरं होऊन जाईल. लेझीमचा सराव चालू असेल तर संध्याकाळी तिथं घेऊन जा.

'पोर्ट्रेट मोड'मधली मागची धूसरता भिंगाने केलेली नसते, फोनने हिशेब करून लावलेली असते. ओळखायला मोकळे केस आणि चष्म्याची कड मोठी करून बघायला सांगा. केसांच्या बटा कापलेल्या दिसतात.

चौकटीबद्दल फार बोलू नका. तिसऱ्या भागाचा नियम (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय मधोमध न ठेवता रेघेवर ठेवायचा) सांगायला दोन मिनिटं लागतात, पण सांगितला की महिनाभर सगळ्यांचे विषय डावीकडच्या रेघेवर उभे. त्यापेक्षा पुठ्ठ्याला सहा बाय नऊ सेंटिमीटरची खिडकी कापून द्या. डोळ्याजवळ धरली की जग रुंद दिसतं, हात लांब केला की एकाच गोष्टीवर येतं. बोटांनी झूम करायला बंदी घाला, पुढं चालत जायला सांगा.

बाहेर पडताना

रोल असायचा तेव्हा ३६ फोटोंत भागवावं लागे. मी मुलांना बारा देते. डिलिट करायचं नाही. खराब आलेले फोटोच वर्गात कामाला येतात.

विषय जवळचा द्या आणि बंधन घालून द्या. 'आईचं काम, चेहरा न दाखवता.' 'बाजारातलं एक दुकान तीन फोटोंत': एक लांबून, जागा कळेल असा, एक माणूस आणि काम दिसेल असा, एक अगदी जवळून, वजनमापं किंवा हात. दुकानदाराला आधी विचारायचं आणि काढल्यावर फोटो दाखवायचा. रस्त्यावर झोपलेल्याचा, भीक मागणाऱ्याचा फोटो काढून आणला तर मी तो चर्चेला घेत नाही. त्याऐवजी सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो दाखवते. तिथंही गटार आहे, घाण आहे, पण माणूस तुमच्या डोळ्याला डोळा देतो. फरक कशाने पडला यावर मुलं चांगली भांडतात.

मुली मागं मागं राहत असतील तर होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, पुढं दिल्लीत नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांचे फोटो काढलेल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव गाडीच्या डीएलडी १३ या नंबरावरून पडलं. आमच्या एका मुलीने लगेच वडिलांच्या ट्रॅक्टरच्या नंबरावरून स्वतःचं नाव बनवलं.

एक लांब पल्ल्याचं कामही द्या. दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट करण्याआधी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली होती. आपल्याकडे मटकी आहे. काचेच्या पेल्यात ओला कापूस, त्यात चार दाणे, रोज मधल्या सुट्टीत एक फोटो. पेल्याची आणि फोनची जागा टेपने आखून ठेवा, फोकस आणि उजेडाचं ते कुलूप लावा. एकच मुलगा जबाबदार नको, जोडी करा, नाहीतर तो आजारी पडला की मटकी एका फोटोत वीतभर उंच होते.

प्रिंट

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की लहान होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला शिकवा. चार बाय सहा इंचाच्या उत्तम प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल, तेव्हा साध्यात साधा फोनही पुरतो. प्रत्येकाच्या बारातून एकच प्रिंट काढायची. कुठली, ते शेजाऱ्याने निवडायचं आणि का ते सांगायचं. 'छान' आणि 'मस्त' या शब्दांना बंदी. उजेड कुठून आलाय, नजर आधी कुठं जाते, काय काढून टाकलं तर चालेल, या तीन प्रश्नांवर बोलायचं. मार्क देऊ नका. द्यायचेच झाले तर निवडीला द्या, फोटोला नको.

प्रदर्शन लावलंत तर पाचवीच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीला लावा, मोठी माणसं वाकतील. दुहेरी चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघतो आणि त्यावरून बोलणी बसतात. दोरी आणि कपड्यांचे चिमटे वापरा. मागच्या बाजूला मुलाचं नाव, इयत्ता आणि महिना पेन्सिलने लिहा. मूळ फायली मे महिन्याच्या सुट्टीआधी पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसरी प्रत शाळेच्या संगणकावर ठेवा. जूनमध्ये विचारलंत तर फोन रीसेट झालेला असतो, नाहीतर थोरल्या भावाबरोबर पुण्याला गेलेला असतो.