नेटवर सगळे ऐकू येतात, आपलंच पोचत नाही

आमच्या हॅम (हौशी) रेडिओ क्लबच्या साप्ताहिक नेटवर, म्हणजे रेडिओवर भरणाऱ्या बैठकीत, सगळे मला खणखणीत ऐकू यायचे. मी चेक-इन केलं, म्हणजे हजेरी लावली, की मात्र नेट कंट्रोल (बैठक चालवणारे) म्हणायचे, "कोणीतरी आहे, पण खरखर फार. पुन्हा सांगा." आमचं बोलणं रिपीटरमार्फत, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा जोरात पाठवणाऱ्या केंद्रामार्फत जातं. त्याला उघडणारा टोन बरोबर, ऑफसेट (पाठवण्याच्या आणि ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) ६०० किलोहर्ट्झ, तोही बरोबर, बॅटरी भरलेली.

गोम अशी की रिपीटर उंचावरून दणकून बोलतो. माझा हँडहेल्ड (हातात धरायचा रेडिओ) ५ वॉटचा, त्यावर आखूड रबरी अँटेना, शिवाय मध्ये भिंती. रिपीटर ऐकू येतो म्हणून आपण त्याला पोचतोच असं नाही.

उपाय म्हणून ग्राउंड प्लेन अँटेना केली. एसओ-२३९ या केबल जोडायच्या सॉकेटच्या मधल्या पिनेला साधारण ५० सेंटिमीटरची उभी तार सोल्डर केली. चार कोपऱ्यांच्या भोकांत तिच्याहून किंचित लांब अशा चार तारा बसवून खाली ४५ अंशांत वाकवल्या. वाकवल्यामुळे अँटेनाचा इम्पीडन्स (विद्युत अवरोध) रेडिओ आणि केबलला हवा तसा ५० ओमच्या आसपास येतो, आडव्या ठेवल्या तर बराच कमी राहतो. उभी तार आधी मुद्दाम लांब ठेवावी आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना रेडिओशी किती जुळते ते दाखवणारा) बघत चिमूट-चिमूट कापावी. कापलेली वाढत नाही! अँटेना खिडकीबाहेर उंच, कोअॅक्स (रेडिओ ते अँटेना जाणारी केबल) शक्य तितकी आखूड. आम्ही बोलतो त्या २ मीटर बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) पातळ केबल बराच सिग्नल खाते.

खरखर गेली. कॉल साइनचं (रेडिओवरच्या माझ्या ओळख-नावाचं) पहिलं अक्षर तरी तुटायचंच. रिपीटर उठायला क्षणभर घेतो, म्हणून आता पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून सेकंदभर थांबतो, मग बोलतो.